फ्लॉपीचा दोष यंत्राच्या माथी नको

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात गेल्या पंधरवड्यात एका संस्थेच्या विश्वस्तांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. त्यांच्या संस्थेत इंटरनेटच्या जोडणीवर पहारा ठेवण्यासाठी, म्हणजे फायरवॉल म्हणून, एक जुना संगणक लिनक्स या कार्यप्रणालीवर चालवला जातो. तो दर पावसाळ्यात दोन-तीनदा बंद पडतो, प्रत्येक वेळी जाणकार माणूस शोधत फिरावे लागते, आणि म्हणून असली जुनी यंत्रे सार्वजनिक संस्थांनी सरसकट भंगारात काढावीत, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांचा अनुभव खरा आहे याबद्दल मला शंका नाही, कारण तोच अनुभव मी स्वतः दोन पावसाळे घेतला आहे. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. हे यंत्र फ्लॉपीवरून, म्हणजे पूर्वी माहिती ठेवण्यासाठी वापरली जाणारी जी लहान चौकोनी चकती असे तिच्यावरून, सुरू होते, असे त्यांनी पत्रात ओघाने लिहिले आहे. दुखण्याचे मूळ तेवढ्यातच आहे, आणि ते दुखणे यंत्राचेही नाही व लिनक्सचेही नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बडोद्यात दांडिया बाजाराजवळ असलेल्या एका लहान मराठी वाचनालयाचे संगणक मी २००५ पासून सेवा म्हणून सांभाळते. त्यापूर्वी एका कारखान्याच्या संगणक विभागात माझी नोकरी झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून संस्थानात ग्रंथालयांची जी घडी बसवली, तिच्यामुळे या शहरातील गल्लीतल्या वाचनालयालाही आपले दार सर्वांसाठी उघडे असावे असे वाटते. आमच्या समितीनेही २००५ मध्ये ब्रॉडबँड घेताना वाचकांसाठी चार संगणक मांडले. पण ते दिवस कसे होते, हे ज्यांनी तेव्हा संगणक सांभाळले त्यांना आठवत असेल. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आणि २००४ च्या उन्हाळ्यात सॅसर हे दोन संगणकी किडे, म्हणजे आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, असे येऊन गेले होते की, कोणी काही न उघडताही केवळ जोडणी चालू आहे एवढ्यावर ते विंडोजच्या संगणकात शिरत असत. पहिला १३५ क्रमांकाच्या पोर्टमधून येई, दुसरा ४४५ मधून. ही दोन्ही दारे बाहेरून बंद ठेवणारा कोणीतरी चार संगणकांच्या पुढे उभा करणे भाग होते.

नवे उपकरण घेण्याइतके पैसे वाचनालयाकडे नव्हते. एका सभासदाने आपला जुना पेंटियम संगणक देऊ केला, १३३ मेगाहर्ट्झचा आणि ३२ मेगाबाइट रॅमचा (रॅम म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणारी संगणकाची स्मृती). त्याची हार्ड डिस्क केव्हाच निकामी झाली होती. मी त्यात दुसरे नेटवर्क कार्ड बसवले आणि फ्लॉपीवर मावेल असे लिनक्सचे फायरवॉल बनवणाऱ्या लीफ प्रकल्पाची बेरिंग ही आवृत्ती एका फ्लॉपीवर उतरवून ती ड्राइव्हमध्ये घातली. डेव्ह सिनेगे यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात लिनक्स राउटर प्रोजेक्ट नावाने जे काम सुरू केले होते, त्याचाच हा पुढचा वंश. त्यात लिनक्सचे २.४ मालिकेचे कर्नल, म्हणजे गाभा, होते, जाणाऱ्या-येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटाची तपासणी करणारी आयपीटेबल्सची यंत्रणा होती, आणि नियम माणसाला वाचता येतील अशा साध्या फायलींत लिहिण्याची सोय होती. हे सगळे एका फ्लॉपीत मावत असे, हे आज नव्या मुलांना सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही.

ही रचना ज्यांनी केली त्यांनी फ्लॉपी अज्ञानाने निवडली नव्हती, हे प्रथम नमूद करायला हवे. संगणक सुरू होताना फ्लॉपीवरचे दाबून बांधलेले फायलींचे गठ्ठे एकामागून एक रॅममध्ये उलगडले जातात आणि तेथून पुढे यंत्र पूर्णपणे रॅममध्येच चालते. फ्लॉपी बाहेर काढून ठेवली तरी त्याला कळत नाही. अहोरात्र फिरून तापणारी हार्ड डिस्क लागत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फ्लॉपीच्या कोपऱ्यातील ती लहानशी खिडकी उघडी ठेवली की तिच्यावर काहीही लिहिता येत नाही. बाहेरचा कोणी कितीही हुशारीने यंत्रात शिरला, तरी त्याने केलेले बदल रॅममध्येच राहतात आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की पूर्ववत होते. ड्राइव्हच ती खिडकी पाहून लिहिण्याचे नाकारते, त्यामुळे कोणत्याही प्रोग्रामला ते कुलूप उघडता येत नाही. इतके सरळ आणि भरवशाचे कुलूप नंतरच्या साधनांत क्वचितच पाहायला मिळाले, आणि त्याची उणीव मला आजही जाणवते.

मग बिघडते काय? साडेतीन इंची फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंवर प्रत्येकी ८० वर्तुळाकार पट्ट्या असतात, प्रत्येक पट्टीचे १८ तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात ५१२ बाइट. म्हणजे एकूण २,८८० तुकडे. बेरिंगला एवढी जागा अपुरी पडत असल्याने एका पट्टीत १८ ऐवजी २१ तुकडे कोंबून १,६८० किलोबाइटची फ्लॉपी बनवावी लागे, आणि तुकड्यांची संख्या ३,३६० वर जाई. फ्लॉपी जवळजवळ काठोकाठ भरलेली असल्याने यंत्र सुरू होण्यासाठी त्यांतील बहुतेक सर्व तुकडे बिनचूक वाचले जाणे आवश्यक असते. गठ्ठे दाबून बांधलेले असल्यामुळे एखादे अक्षर चुकले तर ते अक्षर सोडून पुढे जाता येत नाही. तेथून पुढचा सगळा गठ्ठाच उलगडत नाही. कागदावर छापलेल्या पुस्तकात एक ओळ पुसट झाली तर वाचक अंदाजाने पुढे वाचतो. येथे अंदाजाला जागा नाही.

त्यात फ्लॉपीच्या ड्राइव्हचे डोके चकतीला प्रत्यक्ष टेकून वाचते. चकती मिनिटाला ३०० फेरे घेते, आणि चकती व डोके यांच्यामध्ये धुळीचा कण आला तर तो दर फेऱ्याला चकतीचा लेप घासून काढतो. धूळ येते कोठून, याचा उलगडा मला एकदा यंत्र उघडून साफ करताना झाला. संगणकाचा पंखा हवा मागून बाहेर फेकतो, त्यामुळे पेटीत ओढ निर्माण होते आणि बाहेरची हवा जेथे फट मिळेल तेथून आत येते. जुन्या पेट्यांमध्ये पुढच्या बाजूची सर्वांत मोठी फट कोणती, तर फ्लॉपी घालण्याची. वर्षभर, चोवीस तास, रस्त्यावरची धूळ त्या ड्राइव्हमधून गाळून आत घेतली जात होती, आणि ज्या भागाला स्वच्छतेची सर्वांत अधिक गरज तोच भाग गाळणीचे काम करीत होता.

बडोद्याच्या पावसाळ्याचा वाटा वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये हवा इतकी दमट असते की कपाटातल्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी येते. फ्लॉपीच्या चकतीवरही तशीच पांढुरकी बुरशी येते आणि ती घेऊन चकती फिरली की डोकेही खराब होते. मग त्या ड्राइव्हमध्ये घातलेली दुसरी चांगली फ्लॉपीसुद्धा बिघडते. मी पहिल्या पावसाळ्यात असेच केले. एक फ्लॉपी वाचली जात नाही म्हणून राखीव घातली, ती वाचली जात नाही म्हणून तिसरी घातली, आणि तीन प्रती जपून ठेवण्याची माझी सगळी खबरदारी एका घाणेरड्या डोक्याने अर्ध्या तासात फुकट घालवली.

तरीही मूळ अडचण बुरशीची किंवा धुळीची नाही, ती वेळेची आहे, आणि विश्वस्त महोदयांनी याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे. फ्लॉपी फक्त यंत्र सुरू होताना लागते. त्यानंतर यंत्र दोनशे दिवस चालले तर ती दोनशे दिवस तशीच पडून असते, आणि त्या काळात ती खराब झाली तरी कोणालाही कळत नाही, कारण तिला कोणी विचारतच नाही. तिचा हिशेब होतो तो वीज गेल्यावर. रात्री वादळ येते, वीज जाते, यूपीएस दम सोडतो, पहाटे वीज येते, आणि मगच दोनशे दिवसांपूर्वीचा बिघाड समोर येतो. सकाळी शिपाईकाका फोन करीत, "ताई, पेटी उठत नाही." संस्थेला वाटते की यंत्र आज बिघडले. यंत्र आज बिघडलेले नसते. त्याच्या बिघाडाची बातमी आज आलेली असते. दर पावसाळ्यात बंद पडते, याचे कारणही हेच. पावसाळ्यात वीज अधिक वेळा जाते, म्हणजे फ्लॉपीची परीक्षा अधिक वेळा होते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर, २००६ च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी फ्लॉपी कायमची काढून टाकली आणि तिच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवले. हे कार्ड सँडिस्क कंपनीने १९९४ मध्ये आणले आणि त्या काळात ते चांगल्या कॅमेऱ्यांत वापरले जात असे. त्यात फिरणारा किंवा घासणारा कोणताही भाग नाही. माहिती चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते, आणि याच जातीच्या साठवणीला सॉलिड स्टेट म्हणतात. आमच्या कामासाठी या कार्डाचा मोठा गुण असा की हार्ड डिस्क ज्या आयडीई पद्धतीने संगणकाशी बोलते, ती पद्धत कार्डाला मुळातच अवगत आहे. कार्डाच्या ५० टाचण्या आणि हार्ड डिस्कच्या पट्टीच्या ४० टाचण्या एकमेकींना जोडणारा अ‍ॅडॅप्टर तेवढा मध्ये लागतो, आणि त्यात बहुतांशी नुसत्या तारा असतात. संगणकाच्या बायोसला, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या त्याच्या मूळ प्रोग्रामला, ती एक लहानशी हार्ड डिस्कच वाटते. जुन्या यंत्राला नवे काही शिकवावे लागत नाही.

कार्ड मला विकत घ्यावे लागले नाही. आमच्या एका सभासदांचा लग्नसमारंभांच्या छायाचित्रणाचा व्यवसाय आहे. त्यांच्या खणात ३२ मेगाबाइटचे एक कार्ड पडून होते, जे नव्या कॅमेऱ्यांच्या काळात चार छायाचित्रांनाही पुरत नव्हते. सयाजीगंजात मी राखीव म्हणून तसेच दुसरे मागितले, तेव्हा दुकानदार म्हणाले, "बेन, आवडुं नानुं कार्ड हवे कोण ले छे?" (ताई, एवढे लहान कार्ड आता कोण घेते?) फायरवॉलच्या दृष्टीने मात्र ते नानुं मुळीच नव्हते. ३२ मेगाबाइट म्हणजे बावीस फ्लॉप्या. एका फ्लॉपीत संसार बसवताना जे गठ्ठे आम्ही नाइलाजाने गाळले होते, ते सर्व घेऊनही कार्ड निम्म्याहून अधिक रिकामे राहिले.

काम सोपे आहे असे मात्र मी म्हणणार नाही, कारण माझ्या सुट्टीचे तीन दिवस त्यात गेले, आणि जे अडथळे आले ते येथे लिहिले तर दुसऱ्या कोणाचे तेवढे दिवस वाचतील. पहिला अडथळा असा की फ्लॉपीला विभागणीचा तक्ता नसतो, हार्ड डिस्कला असतो. फ्लॉपीवरच्या फायली जशाच्या तशा कार्डावर उतरवून आणि त्यावर सिसलिनक्स हा सुरुवातीचा प्रोग्राम बसवूनही पडद्यावर नुसता लुकलुकणारा कर्सर दिसत राहिला. कार्डाच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत पुढचा रस्ता दाखवणारी नोंद लिहावी लागते आणि ज्या विभागावरून सुरू व्हायचे त्यावर तशी खूण करावी लागते. या दोन्ही गोष्टी फ्लॉपीच्या बाबतीत कधी कराव्याच लागल्या नव्हत्या. शिवाय कार्ड दुसऱ्या नव्या संगणकावर यूएसबी रीडरने तयार केले, तर त्याची जी मापे तो संगणक गृहीत धरतो ती जुन्या बायोसला पटत नाहीत. ज्या यंत्रात कार्ड राहणार आहे त्याच यंत्रात ते तयार करावे, हे शहाणपण मला दुसऱ्या दिवशी सुचले.

दुसरा अडथळा अधिक फसवा होता. कर्नल आणि त्याच्याबरोबरची प्राथमिक फाइलप्रणाली कार्डावरून व्यवस्थित वाचली गेली, लिनक्स सुरू झाले, आणि नंतर बाकीचे गठ्ठे सापडत नाहीत असा संदेश येऊन सगळे थांबले. ज्या कार्डावरून आताच अर्धे सामान उतरले, तेच कार्ड लिनक्सला दिसत नाही, हे मला कितीतरी वेळ उमजेना. कारण असे की पहिले सामान बायोसच्या मदतीने वाचले जाते, पण कर्नल हातात सूत्रे घेतो त्यानंतर त्याला बायोसची मदत नसते. त्याच्याजवळ स्वतःचे आयडीईचे ड्रायव्हर, म्हणजे त्या उपकरणाशी बोलणारे प्रोग्राम, असावे लागतात. फ्लॉपीसाठी बांधलेल्या प्राथमिक फाइलप्रणालीत जागा वाचवण्यासाठी ते वगळलेले होते. ते तिच्यात घातले, आणि गठ्ठे फ्लॉपीवर नसून हार्ड डिस्कच्या पहिल्या विभागावर आहेत असे सिसलिनक्सच्या फायलीत लिहिले, तेव्हा यंत्र पुढे सरकले.

तिसरा अडथळा अ‍ॅडॅप्टरचा. स्वस्त अ‍ॅडॅप्टरांत डीएमए या जलद पद्धतीसाठी लागणाऱ्या तारा पुष्कळदा जोडलेल्याच नसतात. कार्ड सांगते की मला ती पद्धत येते, कर्नल विश्वास ठेवून तिची वाट पाहतो, आणि मिनिटामिनिटाच्या अंतराने चुकांचे संदेश येत राहतात. सुरू होतानाच्या ओळीत 'आयडीई=नोडीएमए' एवढा शब्द घातला की कर्नल तो नाद सोडतो. वेग थोडा कमी होतो, पण काही मेगाबाइट एकदाच वाचायचे असताना त्याने काही बिघडत नाही. फ्लॉपीची १६० वर्तुळे वाचायला, एकही अडखळ आली नाही तरी, निदान ३२ सेकंद लागतात, कारण चकती सेकंदाला पाचच फेरे घेते. प्रत्यक्षात आमचे यंत्र उभे राहायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत असे. कार्डावरून ते अर्ध्या मिनिटाच्या आत उभे राहू लागले, आणि वीज येते तेव्हा वाचनालयात कोणी असण्याची गरज उरली नाही.

त्यानंतर फायरवॉल उठले नाही म्हणून शिपाईकाकांचा फोन मला आलेला नाही. यंत्राची पेटी पुढे बदलली, त्याबद्दल खाली लिहिले आहे. पण २०१९ च्या जुलैअखेरच्या आणि २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात, विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरून वीज जात-येत असताना, वाचनालय उघडण्यापूर्वीच जोडणी आपली आपण उभी राहिलेली होती.

फ्लॉपीचे जे गुण वर सांगितले ते कार्डावर आपोआप मिळत नाहीत, याची जाणीव येथे करून दिली नाही तर माझे पत्र एकांगी होईल. फ्लॅश चिपच्या प्रत्येक भागावर पुसून लिहिण्याला मर्यादा असते. जुन्या चांगल्या चिपमध्ये ती सुमारे एक लाख वेळा होती. नंतरच्या स्वस्त व दाट चिपमध्ये ती दहा हजार किंवा त्याहूनही खाली आली. वाचण्याने चिपची अशी झीज होत नाही. म्हणून कार्ड केवळ सुरुवातीला वाचण्यापुरते वापरावे आणि यंत्र पूर्वीप्रमाणे रॅममध्येच चालवावे. जो कोणी कार्ड बसवून हार्ड डिस्कवर करतात तशी साधी लिनक्स स्थापना करील, आणि नोंदवह्या दर मिनिटाला त्यावर लिहू देईल, तो वर्षा-दोन वर्षांत कार्डाला दोष देईल. नोंदी हव्याच असतात, कारण रात्री कोण दार ठोठावून गेले ते त्यांतूनच कळते. आमच्याकडे त्या नेटवर्कवरून ग्रंथपालांच्या संगणकावर पाठवल्या जातात आणि तेथे साठतात.

लिहिण्याला मज्जाव करणारी ती खिडकी बहुतेक कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डांना नसते. एसडी कार्डाला बाजूला एक सरकती पट्टी असते खरी, पण ती मानायची की नाही हे वाचणाऱ्या यंत्रावर अवलंबून असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. आमच्याकडे गठ्ठे उलगडून झाल्यावर कार्ड खाचेत तसेच ठेवून आज्ञेने यंत्रणेपासून वेगळे केले जाते आणि नियमांत बदल करायचा असेल तेव्हाच काही क्षण जोडले जाते. फ्लॉपीच्या खिडकीइतके हे पक्के नाही. म्हणून कार्डाची हुबेहूब दुसरी प्रत सभासदांच्या नोंदवहीशेजारी कुलपात ठेवली आहे, तिच्यावर तारीख लिहिली आहे, आणि दर वर्षी जून लागण्यापूर्वी यंत्र मुद्दाम बंद करून त्या प्रतीवरून एकदा सुरू करून पाहिले जाते. जी गोष्ट केवळ वीज गेल्यावर कामाला येते, ती आपण होऊन तपासल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

कोणी म्हणेल की पेनड्राइव्ह का नको. चालतो, पण त्या काळचे पुष्कळसे बायोस यूएसबीवरून सुरूच होत नाहीत, आणि जो बाहेर दिसतो तो कोणीतरी काढून नेतो. एका परिचित संस्थेत नेमके हेच घडले. शाळेचा प्रकल्प नेण्यासाठी एका मुलाने फायरवॉलला लावलेला पेनड्राइव्ह काढून नेला. यंत्र रॅममध्ये चालत असल्याने ते कितीतरी आठवडे नीट चालू राहिले, आणि वीज गेल्यावर मगच चोरी उघडकीस आली. आयडीईच्या खाचेत थेट बसणारे डिस्क ऑन मॉड्यूल नावाचे लहान तुकडे मिळतात, ते पेटीच्या आत राहतात आणि अ‍ॅडॅप्टरही लागत नाही. मिळाले तर ते घ्यावेत.

फ्लॉपी सोडण्याचे याहून मोठे कारण मला काही वर्षांनी कळले, आणि विश्वस्त महोदयांच्या पत्राला खरे उत्तर बहुधा हेच आहे. फ्लॉपीत जे मावते ते जुनेच असते. लिनक्सच्या २.४ मालिकेची देखभाल थांबून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे; त्यात आज एखादे भगदाड सापडले तर ते बुजवणारा कोणी नाही. आजचे कर्नल, आवश्यक ड्रायव्हरांसह, दीड मेगाबाइटच्या फ्लॉपीत बसवण्याची आशा धरू नये. म्हणजे जो फ्लॉपीला चिकटून राहतो तो जुन्या पहारेकऱ्यालाही चिकटून राहतो, आणि पहारेकरी जुना झाला तर दार लावलेले असूनही नसल्यासारखेच असते. कार्डावर जागा मुबलक असल्याने आम्हाला सॉफ्टवेअर वेळोवेळी बदलता आले. आज आमच्याकडे अल्पाइन लिनक्स आहे, ज्याचा उगम लीफ प्रकल्पातूनच झाला. सगळे रॅममध्ये उलगडून चालवण्याची तीच जुनी रीत त्यात अद्याप जपलेली आहे, आणि बदललेली सेटिंग्ज एका आज्ञेने परत कार्डावर ठेवता येतात. फ्लॉपीच्या दिवसांत ही कामे जिने केली असतील तिला तेथे परकेपणा वाटत नाही.

विश्वस्तांचे एक म्हणणे मला मान्य करावेच लागेल. जुना मोठा संगणक वीज खातो. ५० वॅटचे यंत्र वर्षभर अखंड चालले तर ४३८ युनिट होतात, आणि लहान वाचनालयाला ते जाणवतात. आमच्या पेंटियमचा वीजपुरवठा करणारा डबा जळाला तेव्हा आम्ही तसाच दुसरा शोधला नाही. पाच-सहा वॅटवर चालणारा, पंखा नसलेला एक लहान बोर्ड घेतला, ज्याच्यावर कॉम्पॅक्टफ्लॅशची खाच मूळचीच होती. नव्याने घेणाऱ्या संस्थेने तसाच काहीतरी घ्यावा. पण आम्ही पेटी बदलली ती तिचा काळ संपल्यावर, पूर्ण विचार करून. एका सकाळी ती उठली नाही म्हणून घाबरून नव्हे. आणि पेटी बदलताना वर्षानुवर्षे घासूनपुसून लिहिलेले नियम कार्डावर सुरक्षित होते, ते नव्या बोर्डाच्या मापाने थोडे बदलून एका दुपारी कामाला लागले.

विश्वस्त महोदयांच्या पत्रावरून असे दिसते की त्यांचे यंत्र सध्या चालू आहे आणि सुट्टी संपण्यापूर्वी ते काढून टाकायचे आहे. त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी, किंवा कार्ड बसवण्यासाठी कोणाला बोलावले तरी त्याने पेटी उघडण्यापूर्वी, ते यंत्र बंद करू नये. आत असलेली फ्लॉपी आता वाचली जाते की नाही हे बाहेरून सांगता येणार नाही; पण यंत्र चालू आहे तोवर तिच्यावरून उलगडलेले सगळे रॅममध्ये शाबूत आहे. आधी नेटवर्कवरून सेटिंग्जच्या फायली दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. ती सोय त्यात नसेल तर आतील फ्लॉपी काढून, डोके साफ करण्याची चकती एकदा फिरवून, नवी फ्लॉपी घालावी आणि यंत्राच्याच मेनूतून सेटिंग्जचा गठ्ठा तिच्यावर लिहून घ्यावा, आणि ती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये वाचली जाते याची खात्री करावी. कर्नल व प्रोग्राम आजही पुन्हा मिळतील. कोणत्या संगणकाला काय मोकळे आणि काय बंद, हे त्यांच्या संस्थेत कोणी तरी बसून ठरवले असेल, ते मात्र त्या रॅमखेरीज आणि त्या एका फ्लॉपीखेरीज कोठेही लिहिलेले नसण्याची शक्यता फार आहे. पावसाला अजून तीन आठवडे आहेत.

आपली,
एक वाचक, बडोदे